जिवाचा दोर

बदनापूर
१७ सप्टेंबर

वर्षे,

आशीर्वादाला हात वर केला की उजवा खांदा दुखतो, म्हणून लिहूनच देते: सुखी राहा, वेळेवर जेव, आणि आत्या झेंडावंदनाला उभी असताना फोन करून रडत जाऊ नकोस. आज मुक्तिसंग्राम दिन. आमच्या संशोधन केंद्रात साहेबांचं भाषण चालू होतं. तुरीच्या नव्या वाणापासून निघून ते निजामापर्यंत पोचले होते, तेवढ्यात माझी पर्स वाजायला लागली. मी पदर तोंडाला लावून बियाण्याच्या गोदामामागे पळाले. साहेबांना वाटलं, बाईंना भरून आलं. त्यांच्या भाषणाने कुणाला रडू येण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे ते आणखी वीस मिनिटं बोलले. हे पाप तुझ्या नावावर.

फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. हाताने लिहून त्याचा फोटो मेलवर टाकते आहे. टाइप करायला बसले की मोबाइल मला शब्द सुचवतो, आणि ते माझ्या शब्दांपेक्षा सभ्य असतात. मला ते सहन होत नाही.

मला कळलं ते असं. तिकडे पाण्याचा एक भला मोठा हौद आहे. त्यात तुम्हाला अवकाशातला पोशाख घालून बुडवतात आणि त्याला स्पेसवॉकचा सराव म्हणतात. त्या सरावात तुझा आकडा दोनदा उघडा राहिला, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा परवा. आकडा म्हणजे तुझ्या कमरेचा दोर बाहेरच्या दांड्याला अडकवायचा तो. हौदात उघडा राहिला तर मास्तर ओरडतो. वर उघडा राहिला तर ओरडून उपयोग नाही. आता पंधरा ऑक्टोबरला शेवटची परीक्षा आहे, आणि त्याआधीच तू लिहून देणार आहेस की मी बाहेर जाणार नाही, माझ्या जागी दुसऱ्याला पाठवा, मी आत बसून यंत्राचा हात चालवीन. ज्याच्यासाठी अकरा वर्षं काढलीस ते एका कागदावर देऊन टाकणार.

तुला वाटेल आत्या आता समजावणार. पण तुझी निवड झाल्यापासून मी या विषयाचं इतकं वाचलं आहे की बदनापुरात माझ्याइतकी जाणकार बाई नाही. पुरुष तर नाहीच. बाहेर उन्हात एकशेवीस डिग्री आणि सावलीत उणे दीडशे, आणि दर पाऊण तासाने ऊन-सावलीची पाळी बदलणार. आपल्याकडे बेचाळीस झालं की शाळा बंद करतात. वाळूच्या कणाएवढा दगड बंदुकीच्या गोळीला मागे टाकेल अशा वेगाने येतो. हातमोज्याला बारीकशी चीर पडली तर आतली हवा जायला लागते. त्या मोज्यात बोटं वळवून वळवून नखं उखडतात, हे तर तू मला कधी सांगितलंच नाहीस. मी गाढवासारखी दर दिवाळीला नेलपेंट पाठवत राहिले. एका माणसाच्या टोपात पाणी शिरलं, अंग गार ठेवायच्या नळीतलं. ते खाली वाहून जाईना, कारण तिथे खाली असं काही नाहीच. ते नाकाडोळ्यांवर चढत गेलं आणि तो जमिनीपासून चारशे किलोमीटरवर बुडता बुडता वाचला. सगळ्यात आधी जो बाहेर पडला होता, त्याचा पोशाख एवढा फुगला की त्याला दारातून परत आत शिरता येईना. आपल्या धावड्याचे तातेराव सरपंच झाले तेव्हा त्यांचंही असंच झालं होतं.

पण या सगळ्यापेक्षा मला सुटण्याची भीती वाटते. सुटलेला माणूस तिथे पडतसुद्धा नाही, नुसता जात राहतो. तुमच्या पाठीला परत यायला एक छोटं ढकलयंत्र असतं, हे वाचल्यावर मला जरा झोप लागली.

फोन ठेवताना तू म्हणालीस, "आत्या, हे आपल्या रक्तातच आहे. अण्णांचीच बोटं आलीत मला. गाठ राहत नाही हाताला."

याच्यावर सवडीने लिहीन. इकडे हरभऱ्याच्या पेरणीची तयारी सुरू आहे. बियाण्याची नऊशे पाकिटं मला मोजून लेबल लावायची आहेत.

तुझी,
आत्या

*

धावडा
२६ सप्टेंबर

वर्षे,

तुझा एका ओळीचा मेल मिळाला. "हरभऱ्याचं राहू दे, अण्णांचं काय लिहिणार होतीस?" एका ओळीत माणूस कोपऱ्यात घ्यायचा, हे माझ्याकडूनच शिकलीस, आणि आता माझ्यावरच वापरतेस.

नवरात्राचं तुझ्या अण्णांकडे आले आहे. येताना पिंपळगावला उतरून रेणुकाईचं दर्शन घेतलं. तुझ्यासाठी काय मागावं ते ठरेना. "पोरीचा आकडा लागू दे," असं तोंडातून मोठ्याने गेलं, तर शेजारची बाई माझ्याकडे बघून बाजूला सरकली. मटका खेळणारी वाटले असेन.

दादा बरा आहे. काठी नवी, चाल तीच. मी पिशवी खाली ठेवायच्या आत त्याने विचारलं, "वर्षीचा फोन आल्ता का?"

"तुला येत नाही का?"

"येतो ना. जेवले का म्हन्ती. जेवलो म्हन्तो. मी म्हन्तो, तू जेवली का. मंग ठिवती."

तू सोळा वर्षांची असताना त्याला म्हणाली होतीस, "एक गाठ धड मारता आली नाही तुम्हाला." तेव्हापासून तुम्हा बापलेकीत जेवणाशिवाय विषय नाही. ते वाक्य माझ्या वळणाचं होतं. मी तिथेच चुलीपाशी भाकरी थापत होते. मी भाकरी थापत राहिले.

दादा विहिरीत पडला तेव्हा तू आठ वर्षांची होतीस, म्हणून रीत सांगते. आपलं घराणं मेंढरांमागचं. मेंढरं गेली, तसे आपले लोक विहिरी खोदायला, गाळ काढायला जाऊ लागले. उतरणाऱ्याला दोन दोर. एक कामाचा, त्यावर टोपलं आणि पहार वरखाली होणार. दुसरा जिवाचा. जिवाच्या दोराचं एक टोक उतरणाऱ्याच्या कमरेला, एक टोक झाडाला, आणि मधे धरणारा माणूस. धरणारा रक्ताचाच पाहिजे, मजुराच्या हातात तो दोर देत नाहीत. खालचा वर चढू लागला की धरणाऱ्याने हातावर हात टाकत ढील ओढून घ्यायची, म्हणजे पाय घसरला तरी माणूस वीतभरच खाली येतो.

आणखी एक. खालच्याने सारखं बोलत राहायचं. गाणं म्हणावं, शिव्या द्याव्यात, काहीही करावं. आवाज थांबला की खाली हवा खराब आहे असं समजून ओढून काढायचं. वरच्याने मात्र तोंड उघडायचं नाही. खालचा वर येईस्तोवर एक शब्द नाही. आता आपल्या घरची गंमत बघ. जो दादा एरवी दिवसाला दहा शब्द बोलतो तो खाली उतरून गाणी म्हणायचा, आणि तोंड मिटून ठेवायच्या कामावर मी.

त्या दिवसाचं तू ऐकलं आहेस ते असं. मे महिना. आठ परस विहीर, म्हणजे तुमच्या मापात पन्नासेक फूट. दादा चढत होता, पायाखालचा दगड निखळला, कमरेची गाठ सुटली, आणि तो तीन परस खाली तळाच्या दगडांवर आदळला. मांडीचं हाड मोडलं, पाय आखूड झाला, विहिरीचं काम कायमचं गेलं.

असं सगळे सांगतात.

वहिनी जेवायला हाक मारते आहे. उपवासाची भगर आहे, ती गार झाली की तिचं सिमेंट होतं. उठते.

आत्या

*

बदनापूर
२८ सप्टेंबर

वर्षे,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिलं विनोदी झालं. दुसरं फारच विनोदी झालं.

गाठ सुटली नव्हती.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. नवऱ्याचं घर सोडून दादाकडे येऊन दोन वर्षं झाली होती, आणि माझ्यावर बोलायचा हक्क गावाने आपसांत वाटून घेतला होता. त्या दुपारी मी दोर धरून निंबापाशी उभी. तू पलीकडे पाठ करून कैरी खात होतीस. तातेराव नुकतेच सरपंच झालेले, दोन माणसं सोबत घेऊन बांधावरून चालले होते. थांबले आणि म्हणाले, "काय जयवंताबाई, नवऱ्याचा दोर सोडला अन भावाचा धरला का?" सोबतचे दोघे हसले.

मी गप्प बसायचं होतं. पण माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि वर्षे, ते चांगलं होतं. मी म्हणाले, "दोराला माणूस बांधलेला असंल तर धरावा, सरपंच. त्या टोकाला रेडा निघाला म्हणून सोडला."

हे म्हणताना मी दोन्ही हात वर केले. मी बोलताना हात कसे करते तुला माहीत आहे. ते दोघे आता तातेरावांकडे बघून हसायला लागले. मला इतकं बरं वाटलं की मी आणखी एक वाक्य जोडलं. ते आता आठवत नाही. तोवर दादा तीन परस वर आला होता आणि त्याची सगळी ढील माझ्या पायाशी वेटोळं घालून पडली होती. मी ती ओढलीच नव्हती.

तो गात होता. गाणं मधेच थांबलं.

दोघे जण खाली उतरले. त्याला बाजेला बांधून वर घ्यायचं होतं, म्हणून त्यांनीच त्याच्या कमरेची गाठ सोडली. तो वर आला तेव्हा कमरेला दोर नव्हता. गर्दीतून कुणीतरी विचारलं, "गाठ सुटली का काय?" मी हो म्हणाले. गाठ सोडणारे दोघे अजून खालीच होते, आणि पुढे त्यांना कुणी विचारलं नाही. मला खोटं एवढंच बोलावं लागलं. बाकीचं गावाने सांभाळलं. म्हस्कूला गाठ मारता येत नाही, हे दादाचं नाव घेऊन पोरासोरांच्या तोंडी झालं, आणि मग ते तुझ्या तोंडी आलं.

जालन्याच्या साप्ताहिकात माझं सदर चालतं. कोणत्या नगरसेवकाचं काय सुटलं आहे ते मी दर आठवड्याला छापते. लोक म्हणतात, बाई कुणाला सोडत नाही. एकीला सव्वीस वर्षं सोडलं.

तर बोटांचं म्हणशील, तर तुझ्या अण्णांच्या बोटांत काही खोट नाही. खोट माझ्या जिभेत होती. ती तुझ्यात उतरली आहे, पण आकडा काही जिभेने लावत नाहीत. तुझा आकडा का उघडा राहतो ते मला माहीत नाही. तुला बाहेर जायचं नसेल तर जाऊ नकोस. मी तर पेढे वाटीन, कारण मला भीतीच वाटते. पण त्या कागदावर मनातसुद्धा "बापासारखी" असं लिहू नकोस. ते खोटं आहे आणि माझं आहे.

दादाला अजून सांगितलेलं नाही. तुला आधी सांगते आहे ते तू लांब आहेस म्हणून. याला हिंमत म्हणता येणार नाही.

जयवंता

*

बदनापूर
१८ ऑक्टोबर

वर्षे,

अठरा दिवस तू मला एक अक्षर कळवलं नाहीस. तुझ्या जागी मी असते तर वर्ष काढलं असतं. परवाचा मेल मी इतक्यांदा वाचला की पाठ झाला. "आत्या, परीक्षा झाली. आकडा प्रत्येक वेळी लागला. मी बाहेर जाणार आहे. तुझा मला भयंकर राग आला आहे. आत्ता तो काढायला वेळ नाही, खाली आल्यावर काढीन."

चालेल. राग जपून ठेव. मी कुठे जात नाही.

मधल्या काळातलं तुला माहीत नाही ते सांगते. दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन धावड्याला गेले. दादा शेळीला पाला टाकत होता. मी पानं त्याच्या हातात दिली आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. बसले असते तर सांगितलं नसतं. तो पाला टाकत राहिला. मग म्हणाला, "मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"गाठ सुटली का ढील ऱ्हायली, ते कमरंला कळतं, जयवंते. तळाला पडल्तो तवा दोर कमरंला बराबर होता की."

"मग बोलला का नाहीस?"

"तू हो म्हन्लीस ना. मंग मी कशाला बोलू? लोक आदीच तुझ्यावर टपून बसल्ते. त्यात ह्ये कळलं असतं तर तुला गावात ऱ्हाऊ दिलं असतं का?"

"आणि तुझा पाय?"

"पाय काय, मोडला तो मोडला. तू खरं बोलून जुडला असता का?"

मी तिथे शेळीसमोर बसून रडले. दादाने रडू दिलं. मग दाढी खाजवत म्हणाला, "अन दगड-बिगड काई निखळला न्हाई. ते रेड्याचं म्हन्लीस ना सरपंचाला, ते खाली बराबर ऐकू आल्तं. विहिरीत लई घुमतं. हासलो, अन पाय सुटला."

हे खरं, की मला हलकं करायला त्याने त्याच क्षणी रचलं, ते मला कळलं नाही. मी विचारणारही नाही.

मग मी तुझ्या बोटांचं सांगितलं. तू अकरा वर्षांचं काम सोडायला निघालीस, आणि का, ते सांगितलं. तेव्हा मात्र त्याने पाला खाली ठेवला. "लाव फोन," म्हणाला. "माझ्या फोनवरून लाव."

फोनवर काय झालं ते तुला ठाऊक आहे. तुला दिसलं नाही ते लिहिते. तू आकडा कसा लावतेस ते सांगत होतीस तेव्हा त्याने काठी भिंतीला टेकवली, शेळीचं दावं सोडलं आणि तुझ्या शब्दाबरोबर ते खुंट्याला बांधून बघत होता. शेळी तेवढ्यात वहिनीच्या कोथिंबिरीत गेली. तू म्हणालीस, लावते, ओढून बघते, मग शंका येते म्हणून उघडून परत लावते. "कितींदा?" त्याने विचारलं. तू तीन-चारदा म्हणालीस. तेव्हा तो हसला, वर्षे. डॉक्टरला रोग सापडल्यावर तो हसतो तसा.

"मंग शेवटच्या बारीला मिटायचं ऱ्हाऊन जातं. बाई, गाठ एकदाच मारायची. मारताना दोन्ही डोळे तिच्यावर. एकदा ओढून पाह्याची अन हात काढायचा. पुन्ना चाचपायची न्हाई. चाचपू चाचपूच गाठ ढिली होती."

सतरा मिनिटं बोललात. फोन ठेवल्यावर त्याने शेळीला आणून पुन्हा दाव्याला बांधलं. मग एकदम म्हणाला, "जेवली का इचारायचं ऱ्हाऊनच गेलं."

यंदा नेलपेंट पाठवत नाही.

आत्या

*

धावडा
१२ मार्च, सकाळी साडेदहा

वर्षे,

तू वर जाऊन सहा आठवडे झाले. आज तुझं बाहेर पडणं. वरही मेल पोचतो म्हणालीस, तर हे तू परत आत आल्यावर वाचशील. आत आल्यावरच वाच.

सकाळी उठले तर अंगणात जिवाचा दोर. सव्वीस वर्षं तो माळ्यावर होता. मी वर कधी पाहिलं नव्हतं. दादाने स्वतःच्या हाताने एक टोक निंबाला बांधलं, एकदाच, आणि हात काढला. दुसरं टोक बाजेच्या पायाला. बाजेवर ज्वारीचं पोतं, पोत्याला टेकवलेला मोबाइल, मोबाइलमध्ये तू.

"धर," मला म्हणाला.

"दादा, लोक येडं म्हणतील."

"म्हनू दे. रक्ताच्या मान्सानंच धरावा लागतो."

"मग तू धर. बाप आहेस."

"मी खालचा मानूस. मला धरायचं काय कळतं?" दोर त्याने माझ्या हातावर ठेवला. "ती बोलंल. तू बोलू नको."

अर्धं गाव अंगणात जमलं आहे. तातेरावही आले आहेत. आता पंचाहत्तरीला टेकले, कवळी बसवली आहे. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "काय जयवंताबाई, आता आभाळातला दोर धरला का?" माझ्याकडे उत्तर तयार आहे. रेड्यापेक्षा चांगलं आहे. ते बोलायचं नाही म्हणून निदान इथे लिहून ठेवावं, असं म्हणून डाव्या हातात दोर आणि उजव्या हातात पेन घेतलं आहे, पण दादा बघतो आहे.

"लिव्हनं बी बोलनंच हाय. पेन ठिव."

तुझं दार उघडलं. ठेवते.

*

संध्याकाळी साडेपाच

सहा तास वीस मिनिटं.

तू बाहेर आलीस तेव्हा पांढऱ्या पोत्यासारखी दिसत होतीस आणि मागे सगळा काळोख. वहिनी ओळखेना. "कोन्ती आपली?" सारखी विचारत होती. दोघांपैकी लाल पट्टीवाली तू, हे दादाने तिला सांगितलं. तू पहिला आकडा लावलास. एकदा ओढलास. हात काढलास. दादा म्हणाला, "हां." तिथून दार बंद होईस्तोवर तो एवढंच बोलला.

तू मात्र बोलत होतीस. सगळं इंग्रजी, आकडे, कळा, दिशा. दादाला एक शब्द कळत नव्हता, पण तो चित्र बघतच नव्हता, कान देऊन नुसता आवाज ऐकत होता. दुपारी अडीचला आवाज गेला. चित्रही गेलं, निळा पडदा आला. कुणी म्हणालं रेंज, कुणी म्हणालं तिकडचंच काही असेल. अंगणात एकदम बोलणं सुरू झालं. दादा माझ्या हातांकडे बघत होता. मी ढील ओढायला लागले. बाजेच्या पायाला बांधलेल्या दोराला ढील ती किती असणार, पण हातावर हात टाकून ओढत राहिले. बाज दोन वीत सरकली. मला विचारायचं होतं काय झालं, कुणाला तरी शिवी द्यायची होती, तुझ्या संस्थेला, उपग्रहाला, कुणालाही. दात आवळून धरले. अकरा मिनिटांनी तुझा आवाज आला. तू कुठल्याशा स्क्रूचा नंबर सांगत होतीस.

दार बंद झाल्याचं सांगितलं तेव्हा ऊन निंबाच्या शेंड्यावर गेलं होतं. दादाने माझी बोटं एकेक करून दोरावरून सोडवली. तळहात सोलले आहेत, म्हणून अक्षर असं आहे.

"आता बोल," तो म्हणाला.

तातेराव सकाळपासून त्यासाठीच थांबले होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मी तोंड उघडलं. सकाळचं उत्तर कुठे गेलं कोण जाणे.

बाजेवर मोबाइल अजून चालू होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "जेवलीस का?"